ती. आई-बाबांस, माझ्या बदलीविषयी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सप्रेम नमस्कार.

बातमी दादाकडून तुमच्या कानांवर आली असेलच, तरीही ती माझ्या अक्षरात तुमच्यापर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. येत्या जूनपासून माझी नेमणूक जव्हार-मोखाड्याकडच्या मिशन केंद्रात झाली आहे. बिशप स्वामींनी मला बोलावले तेव्हा तुमच्या वयाचा आणि बाबांच्या प्रकृतीचा विषय त्यांनी स्वतःहून काढला होता, आणि वसईतल्याच एखाद्या चर्चच्या धर्मग्रामात मला ठेवण्याची तयारीही दाखवली होती. होकार मी दिला, आणि तुमच्याशी बोलण्याआधी दिला. आई, तुझा चेहरा समोर असता तर तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नसता, हे तूही जाणतेस.

धर्मगुरू झालो त्या गुरुदीक्षेच्या दिवशी गुडघे टेकून, माझे जोडलेले हात बिशप स्वामींच्या हातांत देऊन मी आज्ञापालनाचे वचन दिले, तेव्हा तुम्ही दोघे पहिल्याच बाकावर होता. धर्मप्रांताच्या धर्मगुरूला दर काही वर्षांनी सामान बांधावे लागते, हे तेव्हाच आपल्याला ठाऊक होते. आजवरच्या माझ्या सगळ्या बदल्या सायकलने घरी येता येईल इतक्या अंतरात झाल्या, ही तुमची-माझी पुण्याई म्हणायची. पण आपला वसई धर्मप्रांत 1998 साली स्थापन झाला तो केवळ किनाऱ्यावरच्या भरल्या चर्चसाठी नव्हता. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा हाही त्याचाच भाग आहे. आपल्याकडे रविवारी एकामागून एक मिस्सेच्या उपासना होतात आणि तरीही माणसे दारापर्यंत उभी असतात. तिकडे एका धर्मगुरूला अनेक पाडे फिरायचे असतात, आणि काही ठिकाणी कोणाच्या तरी पडवीत, लाकडी बाकड्यावर पांढरे कापड अंथरून मिस्सा अर्पण करावी लागते.

बाबा, मी तिकडे का जातो आहे, याचे खरे कारण तुम्हाला सांगायलाच हवे. दिवाळी उलटली की तिथली तरणी माणसे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, आपल्या वसईकडेही, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मधले कित्येक महिने पाड्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे एवढीच उरतात. मागच्या हिवाळ्यात मदतीसाठी गेलो असताना तिथल्या धर्मशिक्षण देणाऱ्या प्रचारकाने मला एका आजारी आजोबांकडे नेले. रुग्णाभ्यंगाचे, आजाऱ्यांना लावायचे पवित्र तेल अंगठ्यावर घेऊन मी त्यांच्या कपाळाला लावले आणि मग तळहात पुढे करायला सांगितले. आयुष्यभर माती कालवून त्या हातांना अशा खोल भेगा पडल्या होत्या की तेल लावताक्षणी आत जिरून गेले, आणि मला पुन्हा बोट बुडवावे लागले. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांचा मुलगा तेव्हा कदाचित आपल्याच तालुक्यात विटा थापत असेल.

त्या म्हाताऱ्या माणसांजवळ कोणीतरी असावे म्हणून मी जातो आहे, आणि त्यासाठी माझ्याच म्हाताऱ्या आईवडिलांना मागे ठेवतो आहे. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही, आणि तुमच्यापासून ती लपवण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो की तुमच्याजवळ दादा आहे, वहिनी आहे, शेजार आहे, हाकेच्या अंतरावर चर्च आहे. हे सारे नसते तर मी नेमणूक पुढे ढकलण्याची विनंती केली असती, यावर विश्वास ठेवा.

बाबा, संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगत आलात. आपल्या वसईचा हा मुलगा थेट जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. मी तर एसटीने पोहोचता येईल इतक्याच लांब जातो आहे! फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी यांनाही 1818 मध्ये जेमतेम 230 माणसांचे गाव मिळाले होते, आणि त्याच आडगावात लोक पुढे पापनिवेदनासाठी दुरून येऊन तासन्‌तास थांबत. माझ्या हातून तसे काही घडेल असे मी म्हणत नाही. पण लहान जागी पाठवले म्हणजे कोणी मला बाजूला सारले, ही जी शंका तुमच्या मनात आली असेल ती कृपा करून काढून टाका.

आई, मला कोण वाढेल, हा तुझा पहिला प्रश्न असणार. केंद्रात मुलांचे वसतिगृह आहे, त्यांच्याच पंगतीत मी बसेन. तांदूळ, नागली, डाळ आणि पावसाळ्यात रानभाज्या भरपूर. खोलीला पक्के छप्पर आहे, मच्छरदाणी आहे, हवा वसईपेक्षा थंड आहे. लहानपणी संध्याकाळच्या जपमाळेत पाचांतल्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत, तिसऱ्या रहस्यापर्यंत, मी तुझ्या मांडीवर झोपी जायचो, आणि तू जप न थांबवता माझ्या पाठीवर थोपटत राहायचीस. आता संध्याप्रार्थना एकट्याने म्हणताना कधीकधी पाठीवर तोच ठेका जाणवतो. एकटेपणा धर्मगुरूच्या वाट्याला येतो, हे खरे. पण ज्याने तो स्वेच्छेने पत्करला आहे त्याला तो खात नाही, एवढे माझे ऐक.

आता थोडे माझे ऐकायचे. बाबांनी रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून एकही दिवस चुकवायची नाही, आणि पावसाळ्यात बावखलाच्या तळ्याच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. केळींना पाणी दादा देईल. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेण्याचे मी दादाशी बोललो आहे, त्यात ‘कशाला खर्च’ म्हणून मोडता घालू नका. आई, शेवाळलेल्या गल्लीतून पहाटेच्या मिस्सेला जाणे पाऊस संपेपर्यंत बंद. आजारी आणि वृद्धांसाठी पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घरी आणतात, त्या यादीत तुमची दोघांची नावे घालायला मी फादरांना सांगितले आहे. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. मी स्वतः कितीतरी घरी असा ख्रिस्तप्रसाद नेला आहे आणि माझी वाट पाहत बसलेले चेहरे मला पाठ आहेत.

आणखी एक. दीक्षेच्या दिवशी माझ्या तळहातांवरचे क्रिझ्माचे पवित्र तेल पुसलेले ते फडके तू कपाटात जपून ठेवले आहेस, ते राहू दे. पण मी गेल्यावर ते शवपेटीत माझ्या हातांत ठेवायचे, असे वहिनीला येता-जाता सांगत जाऊ नकोस. ती बिचारी रडते, आणि मला फोन करते.

तिथे मोबाइल सगळीकडे लागत नाही, म्हणून रविवारी रात्री जेवणानंतर मीच फोन करीन. एखादा रविवार चुकला तर लगेच दादाला गाडी काढायला लावू नका. जूनमध्ये सामान न्यायला येईन तेव्हा दोन दिवस राहीन. वसतिगृहातल्या मुलांसाठी सुकेळी बांधून ठेव, थोडी जास्तच.

तुम्हा दोघांचा आशीर्वाद मागणारा,
तुमचा धाकटा