तपासणीआधीच गॅस कशासाठी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल सुरू होऊन विदर्भात पारा ४२ अंशांपुढे सरकला की मोटारींचे एसी दुरुस्त करणाऱ्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. गाडी थंड होत नाही असे ग्राहकाने सांगायचे आणि बोनेट नीट उघडण्याआधीच ‘गॅस कमी झाला आहे, भरून घ्या’ असे उत्तर मिळायचे, हा अनेक ठिकाणचा रिवाज झाला आहे. पहिले काही आठवडे बरे वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या पद्धतीत ग्राहकाचे पैसे जातात, यंत्रणेचे नुकसान होते आणि हवेतही भर पडते ती घातक वायूची, म्हणून हे पत्र.

मोटारीचा एसी ही बंद यंत्रणा आहे. इंजिनात पेट्रोल जळून जाते, तसा एसीतील वायू वापराने संपत नाही. रबरी नळ्या आणि सील यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे. परंतु दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे. रेडिएटरच्या पुढे असलेल्या, वायूतील उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला रस्त्यावरचा खडा लागलेला असतो, जोडावरची ओ-रिंग (रबरी कडी) कडक झालेली असते, किंवा डॅशबोर्डच्या आतील कूलिंग कॉइलला बारीक छिद्र पडलेले असते. वायूबरोबर, तो दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी बहुधा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने किंवा चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली गळती शोधता येते. हे न करता भरलेला वायू पुन्हा त्याच वाटेने निघून जातो.

शिवाय थंडावा कमी होण्यास वायूच कारणीभूत असतो असे मुळीच नाही, आणि लक्षणे नीट पाहिली तर बराचसा उलगडा गाडीतच होतो. महामार्गावर एसी उत्तम चालतो, पण सिग्नलवर उभे राहताच हवा कोमट होते, अशा वेळी प्रथम कंडेन्सरचा पंखा चालतो का आणि कंडेन्सरच्या पातळ पात्यांत धूळ, किडे अडकले आहेत का हे पाहावे. पंखा ठीक असेल तर मंद धारेच्या पाण्याने केलेली स्वच्छताही पुरेशी ठरू शकते. (जोराच्या धारेने पाती वाकतात.) हवा थंड आहे, पण झोत क्षीण आहे, तर केबिन फिल्टर धुळीने भरला असण्याची शक्यता मोठी, तो अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि मालकाला स्वतः बदलता येतो. सुरुवातीला छान थंड होऊन काही वेळाने झोत कमी होत गेला तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचतो आहे का, ते तपासावे. एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक’ असा आवाज ज्या गाड्यांत येतो, तेथे तो येत नसेल तर विजेची बाजूही पाहावी लागते.

गरज नसताना भरलेल्या वायूने एसी अधिक थंड होईल असेही नाही. किती ग्रॅम वायू भरायचा हे बहुतेक गाड्यांत बोनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते. अनेकदा वजन न करता केवळ गेजवरचा दाब पाहून वायू भरला जातो, पण बाहेरच्या तापमानानुसार दाब बदलतो, त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी हा अंदाज सहज चुकतो. प्रमाणाबाहेर वायू भरला की कंडेन्सरमधील दाब वाढून थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर भार येतो. भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा व ओल काढली नाही, तर तेही बाधते.

हा प्रश्न गाडीमालकापुरता नाही. आपल्याकडील अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू ओझोन थराला अपायकारक नसला तरी त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानला जातो. म्हणजे अर्धा किलो वायू हवेत सोडला, तर तो सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. अशा वायूंचा (एचएफसी) वापर घटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारात केलेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत या गटातील वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. एकीकडे हे उद्दिष्ट आणि दुसरीकडे दुरुस्तीच्या वेळी वायू सरळ हवेत सोडणे, हे जुळत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांच्या चालक-केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चालकांसाठी हा निर्णय फार चांगला आहे, पण यापुढे दुरुस्तीचे काम कितीतरी पटींनी वाढणार. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना गळतीशोध आणि वायू यंत्रात परत काढून घेण्याचा सराव मिळावा, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या बिलावर सापडलेला दोष, काढलेल्या वायूचे वजन व भरलेल्या वायूचे वजन नोंदवणे परिवहन विभागाने बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक वाहनधारक वाचक, अकोला