गरोदर स्त्रीचे तळवेही तपासावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदरपणात गालांवर वांग येतो, बेंबीखाली काळी रेघ उमटते आणि बाळंतपणानंतर यातले बरेचसे आपोआप फिके होते, हे घरोघरी ठाऊक असते. म्हणूनच माझ्या धाकट्या नणंदेच्या टाचेवर पाचव्या महिन्यात दिसलेल्या काळ्या डागाला आम्ही आधी कुरूप समजलो, मग दिवस गेल्यामुळे आला असेल म्हणून गप्प बसलो. आणि जिथे तिचे नाव नोंदवले होते तिथेही ‘बाळंत झाल्यावर बघू’ एवढेच सांगण्यात आले. बाळ दीड महिन्याचे असताना कळले की तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग आहे.

भारतीयांत हा आजार कमी आढळतो हे खरे, परंतु सावळ्या त्वचेत तो होतो तेव्हा पुष्कळदा पायाच्या तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसे लागतच नाही. पोट आणि स्तनांवरची त्वचा ताणली जात असल्याने तिथले तीळ थोडे मोठे दिसू शकतात. टाच मात्र ताणली जात नाही. तिथला डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल किंवा रक्त येत असेल, तर त्याचे खापर गरोदरपणावर फोडून चालत नाही.

तपासणीसाठी थांबण्याचेही कारण नव्हते, याची खंत मला अजून वाटते. त्या जागेपुरती भूल देऊन तुकडा काढणे गरोदरपणात सुरक्षित असते आणि डाग काढण्याची शस्त्रक्रियाही करता येते. डाग १ मिलिमीटरहून कमी खोल असताना काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. आजार शरीरात पसरल्यावर मात्र तो क्वचित वारेपर्यंत आणि बाळापर्यंतही पोहोचू शकतो.

पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. सूज पाहण्यासाठी घोट्यावर बोट दाबले जातेच. त्याच वेळी तळवाही पाहिला, तर अर्धे मिनिटही जास्त लागणार नाही. सातव्या महिन्यानंतर वाकून स्वतःचा तळवा पाहणे कोणालाही कठीणच. मुंबईतील महापालिकेच्या प्रसूतिगृहांनी ही सवय परिचारिकांना लावावी आणि शंका आल्यास त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई