नवा विश्वसिद्धांत आधी सुपरनोव्हांच्या कसोटीवर घासा

महोदय,

‘डार्क एनर्जी (विश्वाचा प्रसरणवेग वाढवते असे मानली जाणारी ऊर्जा) नाहीच’, ‘विश्वाचा प्रसरणवेग वाढत नाही’ अशा मथळ्यांच्या बातम्या अधूनमधून येतात. पर्यायी मॉडेल मांडली जायलाच हवीत. पण ती तपासली कशी, हे बातमीत क्वचितच असते. खरे तर ही तपासणी नाशिकमधल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या संगणक कक्षात होऊ शकते. २०२२ च्या ‘पँथिऑन प्लस’ संचात १५५० सुपरनोव्हांचे (ताऱ्यांच्या स्फोटांचे) १७०१ प्रकाशवक्र (तेज दिवसागणिक कसे बदलले याचे आलेख) आहेत आणि तो सर्वांना मोफत मिळतो. या स्फोटांचे मूळ तेज जवळपास सारखे असते, म्हणून ते किती मंद दिसतात यावरून अंतर कळते.

आधी ०.०१ पेक्षा कमी ताम्रसृतीच्या (प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्या मापाच्या) नोंदी वगळाव्यात, १५९० उरतात. दीर्घिकेची स्वतःची चाल सेकंदाला ३०० किमी असली, तर ०.०१ ताम्रसृतीला अंतर दहा टक्क्यांनी, म्हणजे तेजस्विता ०.२ प्रतीने (प्रत हे तेज मोजण्याचे एकक) चुकते. मुळात जो फरक शोधायचा तोच एवढासा आहे. ०.५ ताम्रसृतीला ३० टक्के द्रव्य आणि ७० टक्के डार्क एनर्जीच्या विश्वात सुपरनोव्हा निव्वळ द्रव्याच्या विश्वापेक्षा ०.४ प्रतीने मंद दिसतो, पण रिकाम्या विश्वाच्या तुलनेत जेमतेम ०.१२ प्रतीने.

घोळ होतो तो पुढे. हबल स्थिरांक (विश्वाच्या आजच्या प्रसरणाचा दर) ७० धरून आलेख जुळवला की चांगले मॉडेलही नापास होते. सुपरनोव्हाची मूळ तेजस्विता आणि हा स्थिरांक नुसत्या सुपरनोव्हांवरून वेगळे काढता येत नाहीत; म्हणून आलेख वर-खाली सरकायला मोकळा ठेवावा लागतो. दुसरी चूक जास्त महागात पडते: प्रत्येक बिंदूची त्रुटी सुटी धरणे. एका फिल्टरचे कॅलिब्रेशन किंचित चुकले, तर शेकडो सुपरनोव्हा एकाच दिशेला सरकतात. त्यासाठीच संचासोबत १७०१ गुणिले १७०१ चा कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स (कुठल्या नोंदींच्या त्रुटी एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत याचा तक्ता) दिलेला असतो. वगळलेल्या नोंदींच्या ओळी आणि स्तंभ त्यातूनही काढायचे, हे हमखास विसरले जाते. शिवाय मॉडेलमध्ये एक जादा चल घातला की काय-स्क्वेअर (मॉडेल आणि नोंदी यांतील तफावतीचे माप) आपोआप उतरतो. १५९० नोंदींसाठी बीआयसी निकषाने (जादा चलांबद्दल मॉडेलला दंड लावणाऱ्या कसोटीने) ही घट ७.४ हून जास्त हवी, नाहीतर त्या चलाने काही कमावले नाही.

आलेख जुळला तरी काम संपत नाही. विश्व प्रसरण पावत असेल, तर ०.५ ताम्रसृतीला २० दिवसांचा प्रकाशवक्र ३० दिवसांचा दिसायला हवा. प्रसरण न मानता वाटेत प्रकाशाची ऊर्जा घटते म्हणणारे ‘थकलेला प्रकाश’ मॉडेल इथेच कोसळते: ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या आकाश-पाहणीतल्या १५०४ सुपरनोव्हांमध्ये काळाचा हा ताण अगदी अपेक्षेइतका आढळला (२०२४).

डॉ. जयंत नारळीकर यांनी हॉईल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेले पर्यायी विश्वमॉडेल पुढे सुपरनोव्हांसमोर उभे केले गेले, तेव्हा सुपरनोव्हांचा मंदपणा दीर्घिकांच्या दरम्यानच्या अवकाशातील सुईसारख्या धातुकणांच्या धुळीवर बसवला गेला आणि त्यासाठी किती धूळ लागेल तेही मोजून सांगितले गेले. पर्यायी सिद्धांत असा मोजता येईल असा हवा.

आमची विनंती एवढीच: अशी बातमी छापताना किती सुपरनोव्हा वापरले, मॅट्रिक्स पूर्ण घेतला का आणि जादा चल किती, हे तीन तपशील विचारून घ्यावेत. महाविद्यालयांनीही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हा प्रकल्प द्यावा. पायथन आणि साधा लॅपटॉप त्याला पुरतो.

– काही खगोल अभ्यासक, गंगापूर रोड, नाशिक