ऊसतोडीच्या ताईंच्या डोळ्यासाठी मदत हवीय, आणि जाळीच्या चष्म्यांसाठी पण

मंडळी नमस्कार, आपल्या शिवारात तोडीला आलेल्या टोळीतल्या एका ताईंना दिवाळीनंतर मोळी बांधताना उसाचा पाला सपकन डोळ्यावर बसला. त्यांना हे रोजचंच, पदरानं डोळा पुसला आणि परत कोयता घेतला. रात्री डोळा लालभडक झाला म्हणून मुकादमानं मेडिकलमधून ड्रॉप आणले, चिठ्ठी नाही काही नाही, आणि चार दिवस बरं पण वाटलं. तिथंच फसगत झाली, त्यात स्टेरॉइड होतं, त्यानं लाली ठणका कमी होतो पण आतला जंतू मोकाट सुटतो.

पुढं बुबुळावर पांढरं दिसायला लागलं, एका दवाखान्यात बुरशी समजून पंधरा दिवस बुरशीचंच औषध चाललं, शेवटी मिरजेत डॉक्टरांनी जखम हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली आणि लॅबला दिली. निघाला नोकार्डिया. हा बॅक्टेरियाच, मातीत राहतो, पण मायक्रोस्कोपखाली बारीक फांद्या फुटलेल्या धाग्यासारखा दिसतो, म्हणून बुरशी वाटते. कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला) पण वेळ घेतो, कधीकधी आठवडा जातो. याला चालतं अमिकासिन नावाचं अँटिबायोटिक, तेही इंजेक्शनच्या बाटलीतून अडीच टक्क्याचे थेंब मुद्दाम बनवून, फ्रीजमध्ये ठेवून, सुरुवातीला तासातासाला, रात्री पण.

आता खोपीत फ्रीज कुठला? बाटली डेअरीच्या फ्रीजमध्ये दह्याच्या पिशव्यांशेजारी ठेवलीय, डेअरी बंद झाली की ताईंची नऊ वर्षांची पोरगी ती बर्फाच्या डब्यात घालून नेते आणि मोबाईलला गजर लावून आईला उठवते.

औषध अजून काही आठवडे चालणार. नजर किती परत येईल ते बुबुळावर डाग किती राहतो त्यावर आहे. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, ताई बसल्यामुळं नवरा अर्ध्या कोयत्यावर आलाय आणि उचल (आगाऊ पैसे) तर पूर्ण कोयत्याची घेतलीय, ती कशी फिटणार? औषध, मिरजेच्या फेऱ्या आणि किराणा मिळून अठरा हजार लागतील असा आमचा अंदाज आहे.

दुसरं म्हणजे टोळीला साठ चष्मे घ्यायचेत. गेल्या साली वाटलेले प्लास्टिकचे गॉगल घामानं धुरकटले, दोन दिवसांत ट्रॉलीला लोंबकळताना दिसले (चूक आमचीच, न विचारता घेतले), म्हणून यंदा बारीक तारेच्या जाळीचे घेणार.

आणि शेतकरी मंडळींनी पण ऐका, हातोडा मारताना नाहीतर ग्राइंडरवर काम करताना लोखंडाची कपची डोळ्यात घुसली तर चोळू नका, काढू नका, डोळा दाबून बांधू नका, लगेच मिरज गाठा. कपचीला माती असेल तर बॅसिलस सिरिअस नावाचा जंतू एकदोन दिवसांत अख्खा डोळा घालवू शकतो.

पैसे वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ द्या, पावती मिळेल, हिशोब फळ्यावर लावू. आणि कुणाकडं चालू थर्मास असेल तर तो आजच द्या, डब्यातला बर्फ पहाटेपर्यंत टिकत नाही.