किंतामणीची कॉफी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आमच्या ऑफिसातले एक जण सुट्टीला नाशिकला निघालेत, त्यांच्याबरोबर कॉफीची दोन पाकिटं देतेय. ‘आपण चहावाले’ म्हणून ती फडताळात मागे सारू नका. बाबा, तुम्ही तर पत्र शेवटपर्यंत वाचाच. यात कॉफी कमी आणि शेती जास्त आहे.

जोडून सुट्टी मिळाली म्हणून आम्ही मैत्रिणी इथून, जावातल्या सुराबायाहून, बालीला गेलो. समुद्रावर सगळेच जातात, आम्ही वर डोंगरात किंतामणीला गेलो. तिथे बातुर नावाचा ज्वालामुखी आहे, अजून जागा असलेला. १९२६ साली त्याच्या लाव्ह्यात पायथ्याचं गाव गेलं, तेव्हा लोकांनी देवळासकट गाव वर कड्यावर नेऊन वसवलं. त्या राखेच्या काळ्या भुसभुशीत मातीत अरेबिका जातीची कॉफी पिकते. उंची हजार मीटरच्या वर, त्यामुळे ऑगस्टात सकाळी स्वेटर लागला.

वाटेत ड्रायव्हरने आग्रहाने एका ठिकाणी गाडी थांबवली. आई, जेवत असशील तर हा भाग नंतर वाच. तिथे पिंजऱ्यात उदमांजरं होती. त्यांना कॉफीची फळं खायला घालतात आणि विष्ठेतून निघालेल्या बिया धुऊन, भाजून सोन्याच्या भावाने विकतात. जंगलातलं उदमांजर पिकलेली फळं हुंगून निवडून खातं, हा त्या कॉफीचा मूळ लौकिक. कोंडलेल्या जनावराला कसली आलीय निवड? समोर पडेल ते खायचं. एक तर सारखं गजाला अंग घासत होतं. मला ते बघवेना. आम्ही पाणीसुद्धा न पिता निघालो, ड्रायव्हरचं कमिशन बुडालं असणार.

खरी खरेदी झाली ती पुढे, शेतकऱ्यांच्या गटाकडे. तिथे कोरडवाहू शेतकऱ्यांचे जुने गट आहेत, त्यांना सुबक अबियान म्हणतात. देवळातली पूजा आणि शेतीचे निर्णय दोन्ही तिथेच ठरतं. बाग बघून बाबा, तुमची आठवण आली. कॉफीच्या ओळींत संत्र्याची झाडं आणि सावलीला पांगारा! आपल्या पांगाऱ्याच्याच जातकुळीतला. एका पिकाचा भाव पडला तर दुसरं हाताशी राहतं. संत्र्यांमुळेच कॉफीला आंबूस चव येते असं तिथे सांगतात. मला नाही पटलं. उंचीवरची थंडी, सावकाश पिकणारं फळ आणि धुण्याची पद्धत, यातून ती चव येत असणार. पण म्हटलं, विकणाऱ्याला काहीतरी गोष्ट लागतेच.

तोडा चालू होता. पूर्ण लाल झालेलं फळच तोडायचं, हिरवं फळ एकाच घोसात असलं तरी झाडावर राहू द्यायचं, म्हणजे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. मी एक फळ तोंडात टाकलं. गर पातळ, पण चांगला गोड, आत दोन बुळबुळीत बिया. साल काढून बिया टाकीत ठेवतात, चिकटा सुटला की धुतात आणि प्लास्टिकच्या छपराखाली वाळवतात. आपल्या बेदाण्याच्या शेडमधल्यासारखेच रॅक. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की झालं. मग बायका मोठं सूप घेऊन बसतात आणि किडकी, फुटकी बी बोटाने बाजूला करतात. एका आजींचा हात इतका भरभर चालत होता की आई, तुझं तांदूळ निवडणं आठवलं. शेजारीच फुलांचा छोटा द्रोण आणि कपभर कॉफी ठेवलेली होती, पितरांसाठी. नैवेद्याला कॉफी चालते तिथे!

बाबा, या कॉफीला २००८ साली भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, ते जीआय) मिळालं, ते इंडोनेशियातलं पहिलं. मूळ बी मात्र आपल्याकडून गेलेलं. १६९६ साली डचांनी मलबारहून कॉफी जावाला नेली, ती पुरात गेली, म्हणून १६९९ ला पुन्हा नेली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेऱ्याच्या रोगाने सखल भागातली अरेबिका पार बसवली. मग खाली रोबस्टा ही दुसरी जात आणि थंड डोंगरात अरेबिका, अशी विभागणी झाली. डावणी रोगाने द्राक्षाची बाग जाताना बघितलेल्या माणसाला यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

आता किंमत. एक लाखाची नोट दिली आणि वर सुटे परत मिळाले. आई, घाबरू नकोस, इथले लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे. पाकिटावर गटाचं नाव आणि तोड्याचं वर्ष छापलेलं आहे.

करायची अशी: पेल्यात दोन चमचे पूड, वर उकळतं पाणी, ढवळून चार-पाच मिनिटं झाकून ठेवायची. गाळ खाली बसला की वरची निवळ प्यायची. साखर हवी तर घाला. दूध-जायफळ मात्र नको, चव पार बुडेल. कोजागिरीला आपली नेहमीची कॉफीच बरी. बाबा, संध्याकाळी पाचनंतर पिऊ नका, आधीच तुमची झोप पातळ.

एक काम आहे. गेल्या हंगामात आपला माल दुसऱ्याच्या छापील खोक्यांत गेला आणि आपल्या गावाचं, मखमलाबादचं नावही कुठे आलं नाही, ते माझ्या मनातून जात नाही. नाशिकच्या द्राक्षालाही मानांकन आहेच की. ऑक्टोबर छाटणीआधी दादाशी बोला, थोडा माल आपल्याच नावाच्या खोक्यात, ओळखीच्या गिऱ्हाइकांना देऊन बघायचा का. खोक्याचं डिझाइन मी करते. बागेचे दोन-तीन चांगले फोटो तेवढे दादाला पाठवायला सांगा, घडांना पेपर लावण्याआधीचे.

तुमची,
पूनम