फ्लॅटचा चौथा हिस्सा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.

(बाबा, मायना पूर्ण लिहिलाय. आता तरी पुढचं वाचा.)

हडपसरहून कर्वेनगरला पोस्टाने पत्र धाडणारी अख्ख्या पुण्यात मी एकटीच असेन. पण हे फोनवर जमलं नसतं. तुम्ही दोघं स्पीकर लावून ऐकता, आणि आई मध्येच 'जेवलीस का' विचारते.

मागच्या रविवारी बडीशेप चघळत बाबा म्हणाले, "आमच्या पश्चात फ्लॅटचे जे येतील त्यातला चौथा हिस्सा संस्थांना द्यावा म्हणतोय." मी "हो हो, द्या की" म्हटलं. आणि नळस्टॉपच्या सिग्नलला थांबले तेव्हा मनात चक्क भागाकार चालू होता. चौथा हिस्सा गेल्यावर उरलेल्याचे दोन भाग, त्यातला माझा किती. सिग्नल सुटला तरी मी तशीच, मागचा रिक्षावाला ओरडला तेव्हा भानावर आले. लाज वाटली, पण लपवत नाही. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "त्यांचं आहे, त्यांनी ठरवावं." त्यानेही आधी भागाकार केलाच असणार, माझा सख्खा भाऊ आहे तो. तर आमच्या दोघांकडून हरकत नाही, हे आधी लेखी घ्या.

आता त्या यादीबद्दल. कालनिर्णयच्या पानामागे बाबांनी नऊ नावं लिहिली आहेत. भांडारकर संस्था, विद्यार्थी सहाय्यक समिती, आनंदवन, नवी पेठेतला निवारा वृद्धाश्रम, इतिहास संशोधक मंडळ, झालंच तर गावचं देऊळ. एकही नाव वाईट नाही. पण बाबा, चौथ्या हिश्शाचे नऊ तुकडे म्हणजे प्रसाद वाटल्यासारखं होईल. प्रत्येकाला पत्रं, पावत्या, कागद, आणि ते सगळं करणार मी किंवा दादा. दोन ठेवा, फार तर तीन. कुठली, हे मी नाही सांगणार.

नावं मात्र पूर्ण लिहा. आत्याने वहीच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, "अंधशाळेला पन्नास हजार." कुठल्या? कोथरूडच्या मुलींच्या की कोरेगाव पार्कच्या मुलांच्या? की तिच्या माहेरगावाजवळच्या? तिन्ही बाजूंनी नातेवाईक ठाम होते आणि पैसे दोन वर्षं बँकेत पडून राहिले. म्हणून संस्थेचं नोंदणीपत्रावरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन हे तिन्ही मृत्युपत्रात हवं. ती संस्था तोवर बंद पडली तर कुणाला द्यायचं, तेही. आणि आकडा लिहू नका, हिस्सा लिहा. आत्याने लिहिलं तेव्हा पन्नास हजार मोठे होते.

फ्लॅटचा हिस्सा संस्थेच्या नावावर करू नका, हेही वकीलबाईंनी बजावून सांगितलंय. सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. कर्वेनगरातल्या टू बीएचकेचा पाव भाग घेऊन त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, फ्लॅट विकावा आणि रक्कम द्यावी, असं लिहायचं. आजोबांच्या नावाने नवा ट्रस्ट काढायची कल्पनाही सोडा. विश्वस्त कोण होणार, दरवर्षी हिशेब कोण तपासून घेणार? दादा बंगळूरहून?

आजोबांच्या नावाच्या फलकाचं म्हणाल, तर १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि आपल्या आईचं नाव द्यायला सांगितलं. नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेव्हाचे पंधरा लाख होते ते. आपल्या पैशात आजोबांचं नाव फार तर एखाद्या कपाटावर येईल, आणि आजोबांना ते आवडलं असतं असं मला तरी वाटत नाही. अटी घालूच नका. 'फक्त इमारतीसाठी' असं लिहून ठेवाल आणि त्या वर्षी त्यांना छप्पर नको, स्वयंपाकीण हवी असेल.

कर वाचेल का, विचारत होतात. नाही वाचणार. आपल्याकडे वारसाकरच १९८५ मध्ये गेला, मग वाचवायचं काय? आयकरातली वजावट जिवंतपणी दिलेल्या देणगीवर असते, आणि तुम्ही तर नव्या करप्रणालीत गेलात, तिथे तीही नाही. तरीही माझं म्हणणं आहे की आत्ताच थोडं द्या. दहा हजार, पंधरा हजार. वजावटीसाठी नाही, त्या संस्थेची वागणूक कळावी म्हणून. आई, तुला ती पावती आठवते? पाच हजार दिलेस, चार महिन्यांनी पावती आली ती 'श्रीमान' म्हणून, आणि पुढे वर्षभर वाढदिवसाच्या जेवणाचं विचारायला फोन. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ती संस्थाही बाबांच्या यादीत आहे! उलट जिथे मी गेल्या महिन्यात सहज गेले होते, तिथल्या बाई हातातलं पीठ पुसून आल्या आणि न मागता वार्षिक अहवाल दिला. त्यात लेखापरीक्षण झालेला ताळेबंद होता, पगारावर किती जातं तेही होतं. पगार दिसले की मला उलट बरं वाटतं. फुकट काम करणारी माणसं टिकत नाहीत.

बाबांनी कच्च्या मसुद्यात शेवटी देहदान आणि नेत्रदान लिहिलंय. बाबा, मृत्युपत्र उघडणार तेराव्यानंतर. डोळे साधारण सहा तासांत काढावे लागतात. ते अर्ज वेगळे भरा आणि कार्ड फ्रिजवर लावा, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

बाकी गोष्टी पटकन. दोन साक्षीदार लागतात, तुम्ही त्यांच्यासमोर आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. टेकडीवरचे तुमचे दोन्ही मित्र ऐंशीकडे झुकलेत, एक तरी साक्षीदार पन्नाशीतला घ्या. डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाकू, मी सुट्टी काढते. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे म्हणजे फ्लॅट माझा, असं शेजारच्या काकांना वाटतं. तसं नसतं. नॉमिनी फक्त सांभाळणारा.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. म्हणजे बाबांना फक्त त्यांच्या अर्ध्याचं मृत्युपत्र करता येतं. उरलेलं अर्धं, आई, तुझं. त्याचं मृत्युपत्र तू करायचंस, वेगळ्या कागदावर, तुझ्या सहीने. 'हे म्हणतील तसं' चालणार नाही. त्या यादीत नऊच्या नऊ नावं बाबांच्या अक्षरात आहेत. बाबा सांगत होते तेव्हा तू ताटं उचलत होतीस आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

दरवर्षी पणजीच्या तिथीला तू कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत जाऊन पाकीट देऊन येतेस, हे मला माहीत आहे. शाळेत असताना एकदा मला घेऊन गेली होतीस. पाकिटात एकशे एक रुपये होते, किराणातून वाचवलेले, एक रुपयाचं नाणं टेपने चिकटवलेलं. परत येताना म्हणालीस, बाबांना सांगू नकोस, रागावणार नाहीत पण चौकशी करतील. अकराव्या वर्षी विधवा झालेली तुझी आजी तिथे शिकली, मास्तरीण झाली, म्हणून तुझी आई शिकली, म्हणून तू. कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला नसता तर मी आज हे पत्र लिहायला असते की नाही कुणास ठाऊक. तुम्ही राहता तेही त्यांच्याच नावाच्या भागात. आणि बाबांच्या यादीत ती संस्था नाही. बाबा, रागावू नका, तुम्ही मुद्दाम वगळलीत असं म्हणत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी अकराला येते. वकीलबाईंची वेळ साडेबाराची आहे. आई, तुझी यादी तोवर लिहून ठेव, एकच नाव असलं तरी चालेल. डब्यात ठेव, पोह्यांच्या. बाबा तिथे बघत नाहीत.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे डब्याचं गुपित फुटलंच. तरी उघडू नका.