कोलेस्टेरॉल आपोआप का उतरले, हेही विचारा

संपादक महोदय,

गेल्या दिवाळीत आमच्या यजमानांचे कोलेस्टेरॉल गोळी नसताना, पथ्यही नसताना २१० वरून १३२ वर आले. घरात आनंद झाला. त्याच महिन्यात मी त्यांच्या पट्ट्याला दाभणाने दोन नवी भोके पाडली होती. डॉक्टरांनी रिपोर्टवर बरोबरची खूण केली, वजनाचे विचारलेच नाही. पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला.

भराभर वाढणाऱ्या पेशींना आवरण बांधायला कोलेस्टेरॉल लागते. कर्करोगाच्या पेशी ते रक्तातून ओढतात, स्वतःही बनवतात. म्हणून कधी कधी आजार कळण्याआधीच आकडा घसरतो. दुसरीकडे, कोलेस्टेरॉलपासून बनणारे २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागून स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी वाढवते, हे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ‘स्टॅटिनने (म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने) कॅन्सर होतो’ एवढेच फिरते. मोठ्या चाचण्यांत तसे आढळलेले नाही, तरी शेजारच्या काकूंनी हृदयासाठीची ही गोळी परस्पर बंद केली!

टाटाचे कर्करोग संशोधन केंद्र इथे खारघरलाच आहे. तिथल्या तज्ज्ञांकडून आपल्या आरोग्य पुरवणीसाठी या विषयावर सोप्या मराठीत लेख लिहून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, कोपरखैरणे, नवी मुंबई